आप्पांची खोळ आणि पाण्याच्या राईड

ओली पँट घालून चार तास गाडीत बसायचं म्हणजे काय असतं ते आपल्या साताऱ्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. थीम पार्क म्हणलं की आपल्याला खोपोली-लोणावळ्याकडंच जावं लागतं, म्हणजे पहाटे निघा, पुणं ओलांडा, एक्स्प्रेस वे धरा, दिवसभर उन्हात फिरा आणि संध्याकाळी तेवढंच अंतर परत. मुंबई-पुण्याची माणसं तासा-दोन तासात घरी जाऊन कपडे बदलून मोकळी होतात, आपण त्या वेळेला पुण्यातल्या नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असतो आणि मांडीला चिकटलेला ओला कपडा तोवर गार पडलेला असतो. २०१३ ला खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं तेव्हापासनं आमच्या गल्लीतनं दरवर्षी कोण ना कोण तिकडं जातंच, आणि परत आल्यावर पहिली गोष्ट सांगतात ती हीच, लई मजा आली पण येताना कुडकुडलो.

मी साताऱ्यात गोडोलीत राहते, घरीच शिवणकाम करते, ब्लाऊज, ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, जे येईल ते. हे सगळं लिहायचं कारण आमचे आप्पा. आप्पा म्हणजे माझे सासरे. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीचशी वर्षं सातारा-महाबळेश्वर रूटवर गेली. आता वय ७०, तब्येत ठणठणीत, फक्त दोन्ही कानांना मशीन आहे.

तीन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे, नणंद, दाजी, पोरं, असे अकराजण टेम्पो ट्रॅव्हलर करून एका पार्कात गेलो होतो. तिथं मोठ्या बोटीची राईड होती, बोट पट्ट्यावरनं वर चढते आणि वरनं एकदम खाली पाण्यात येते. नातू म्हणला आज्जा पुढं बसू, आप्पा पुढं बसले. खाली आल्यावर बोटीच्या नाकावरनं पाण्याची अख्खी लाट आत आली आणि पहिल्या रांगेतला एकपण माणूस कोरडा राहिला नाही. आप्पा हसतच उतरले, आणि उतरता उतरता त्यांचा हात कानाकडं गेला. दोन्ही मशीन बंद. चूक पार्कची नव्हती, बाहेर पाटी होती की भिजाल म्हणून, आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की आप्पांच्या कानात मशीन आहे.

येताना ओल्या पँटीत चार तास, मग पंधरा दिवस खोकला, ते एक वेळ ठीक आहे. पण मशीन रिपेअरला पुण्याला गेलं ते ११ दिवसांनी आलं. त्या ११ दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की ऐकू न येणाऱ्या माणसाशी घरातली माणसं हळूहळू बोलायचंच सोडून देतात. मुद्दाम नाही करत कोण, पण ओरडून तीनदा सांगायचा कंटाळा येतो, मग राहूदे म्हणतात. एक दिवस अवकाळी पाऊस आला, आमच्या ओट्यावर पत्रा आहे, पत्र्यावर असा ताडताड आवाज की घरात बोललेलं कळत नव्हतं, आणि आप्पा त्याच्याखाली खुर्चीत बसलेले, मला म्हणतात, "पाऊस पडतोय का गं? ओटा वला दिसतोय." ते मी विसरले नाही.

नंतर एकदा परत पार्काचा विषय निघाला तर आप्पा म्हणले, "तुमी जावा, मी बॅगा सांभाळीन." प्रत्येक पार्कात पाण्याच्या राईडसमोर एक बाक असतं बघा, त्याच्यावर सगळी म्हातारी माणसं सगळ्यांच्या बॅगा, चपला, मोबाईल मांडीवर घेऊन बसलेली असतात. कुणाच्या कानात मशीन, कुणाच्या पायाला पट्टी, कुणाला सर्दी सहन होत नाही. भिजायचं नाही म्हणजे बसायचंच नाही, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मला ते पटत नव्हतं. आख्खं आयुष्य महाबळेश्वरच्या पावसात काढलेल्या माणसाला दोन मिनिटांच्या पाण्यात कोरडं ठेवता येत नाही, असं कसं?

मग मी जरा मागंच लागले या विषयाच्या.

पहिलं म्हणजे पाण्याच्या राईड सगळ्या एकसारख्या नसतात, आणि पाणी कुठनं येणार ते राईडच्या प्रकारावर आहे. मोठी बोट उतारावरनं सोडायची हा प्रकार सगळ्यात जुना, अमेरिकेत इलिनॉयमध्ये रॉक आयलंड म्हणून गाव आहे तिथं १८८४ साली सुरू झाला. दुसरा प्रकार ओंडक्याच्या आकाराची अरुंद बोट, एकामागं एक बसायचं आणि पन्हाळीतनं वाहत जायचं. तिकडच्या डोंगरात झाडं तोडून ओंडके खाली गावात आणायला लाकडी पन्हाळी बांधायचे, त्यावरनं ही कल्पना आली आणि १९६३ ला टेक्सासमधल्या पार्कात पहिली तशी राईड झाली. तिसरा प्रकार गोल तराफा, सगळे गोल करून एकमेकांकडं तोंड करून बसतात आणि खळाळत्या पाण्यातनं तराफा गरगरत जातो, तो १९८० ला ह्यूस्टनमध्ये आला.

हा गोल तराफा बघितला की मला माझं माहेर आठवतं. माहेर वाळवा तालुक्यातलं. आमच्याकडं कृष्णा-वारणेला पूर आला की गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडतात, गूळ आटवायची ती मोठी गोल कढई, आणि त्यात बसून माणसं पलीकडं नेतात. काहिलीला पुढं नाही, मागं नाही, त्यामुळं ती पाण्यावर फिरतेच, कितीही धरा. तराफ्याचं तेच आहे. आत्ता तुम्ही कोरड्या बाजूला आहात असं वाटतं आणि पुढच्याच वळणावर नेमकी तुमचीच पाठ धबधब्याखाली येते. तिथं चांगली सीट म्हणून काही नसतंच, जो सांगतो की अमुक सीटवर बसा, तो थापा मारतोय. भिजायचं नसेल तर गोल तराफा सोडून द्यायचा, किंवा आख्खं अंग झाकून बसायचं, मधला मार्ग नाही.

पण बोटीचं तसं नाही. बोट सरळ जाते, तिला पुढं-मागं आहे, त्यामुळं पाणी कुठं पडणार हे ठरलेलं असतं आणि जे ठरलेलं असतं ते बघून कळतं.

यंदा जानेवारीत परत जायचं ठरलं तेव्हा मी आप्पांना म्हणलं, आप्पा तुम्ही यायचंच, पण आधी आपण दोघांनी कठड्याला उभं राहून नुसतं बघायचं. आप्पांना ते काम आवडलं. त्यांनी पार्किंगच्या पावतीच्या मागं पाच रांगा आखल्या, एका रांगेत चार सीट, अगदी कंडक्टरचं वेबिल, तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरल्यासारखं, आणि बोट येऊन माणसं उतरली की कोण किती भिजलंय ते बघून खुणा करायचे. फुली म्हणजे चिंब, अर्धी फुली म्हणजे खांद्यापुरतं, गोल म्हणजे कोरडा. नऊ बोटी बघितल्या आम्ही, पोरं तोवर दुसऱ्या राईड करून आली. हे डोळ्यांनी बघणं लई महत्त्वाचं आहे, कारण नेटवर कोण म्हणतं मागं बसा, कोण म्हणतं मधे बसा, आणि प्रत्येक राईडची गोष्ट वेगळी असते.

आमच्या बोटीचं असं निघालं. पहिली रांग नवाच्या नऊ वेळा छातीपर्यंत चिंब. दुसऱ्या रांगेत कडेचे भिजायचे, मधले निम्मे. शेवटची रांग कोरडी असेल असं मला वाटलेलं, पण नव्हती, कारण बोट पाण्यात आपटली की दोन्ही बाजूला पाण्याचा पडदा उंच उडतो, तो खाली यायच्या टायमाला बोट पाण्याच्या जोरानं हळू झालेली असते आणि तो पडदा नेमका मागच्यांच्या डोक्यावर येऊन पडतो. सगळ्यात कमी भिजत होते ते तिसऱ्या रांगेतले मधले दोघं. नऊ बोटींत सात वेळा गोल.

अजून दोन गोष्टी आप्पांनी काढल्या त्या मला सुचल्याच नसत्या. एक म्हणजे, "फुल्ल गाडी आन मोकळी गाडी, फरक हाय बग." बोट पूर्ण भरलेली असली की ती पाण्यात खोल बसते आणि जास्त पाणी बाहेर ढकलते, लाट मोठी होते. त्यातपण पुढं चार दणकट माणसं बसली तर नाक अजून खाली जातं आणि पाणी सरळ आत येतं. अर्धी रिकामी बोट गेली तेव्हा पहिली रांग सोडून बाकीचे जवळपास कोरडे उतरले. म्हणजे गर्दी कमी असताना, सकाळी गेट उघडल्या उघडल्या, जाणं फायद्याचं आहे.

दुसरी गोष्ट वारं. वारं ज्या बाजूनं येत होतं त्याच बाजूच्या सीटवरची माणसं जास्त भिजत होती. मला आधी उलटं वाटलं. पण नीट बघितलं तर त्या बाजूला उडालेलं पाणी वारं परत बोटीवर आणून टाकत होतं आणि पलीकडच्या बाजूचं लांब घेऊन जात होतं. पाटण तालुक्यात सडावाघापूरला उलटा धबधबा बघायला पावसाळ्यात गाड्याच्या गाड्या जातात, तिथं काय होतं, कड्यावरनं खाली पडणारं पाणी खालनं वर येणारं वारं उचलतं आणि वर उभ्या असलेल्या माणसांच्याच अंगावर फेकतं. तिथं ज्यानं वाऱ्याकडं तोंड करून फोटो काढलाय त्याला हे समजेल. पार्कात एखादा झेंडा नायतर कारंजं बघायचं, वारं कुठनं येतंय ते कळतं, आणि त्याच्या उलट्या बाजूची सीट धरायची.

आता कपड्यांचं सांगते, कारण ते माझं काम आहे. लोक जीन्स घालून येतात, नवी कोरी, फोटोसाठी. जीन्स म्हणजे जाड सुती कापड आणि सुती कापड पाणी पितं. नुसतं कपाटात ठेवलेलं १०० ग्रॅम सुती कापड हवेतनंच ७-८ ग्रॅम पाणी ओढून घेतं, तेवढंच पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा ओढत नाही. मग पाण्यात बुडवल्यावर काय होत असेल. आणि जीन्सचं खरं दुखणं कापडात नाहीच, शिवणीत आहे. कंबरपट्टीत कापडाचे चार-चार पदर, खिशाचं अस्तर वेगळं, मधे चेनची पट्टी, तळाला दुमडलेली जाड शिवण, या जागा संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. बाकी पँट वाळली तरी कंबर आणि बूड ओलंच राहतं आणि गाडीत त्याच्यावरच बसायचं असतं.

त्यापेक्षा जर्सीच्या कापडाची ट्रॅक पँट बरी, ती ड्राय-फिट म्हणून मिळते ती. कंबरेला जाड इलॅस्टिक नको, पातळ नाडी असलेली घ्या. झटकली की निम्मं पाणी जातं, उन्हात अर्धा-पाऊण तास फिरलं की अंगावरच वाळते. बायकांनी ओढणी, स्टोल बाहेर ठेवूनच जायचं, ओली होते हे एक आणि बोटीत कुठं अडकली तर धोका मोठा. सुती कुर्ता घालायचाच असेल तर एक पॉलिस्टरचा जोड पिशवीत असू दे. आतले कपडे एक जोड जास्त घ्या, हे कोण कुणाला सांगत नाही आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच पडते. पायात कोल्हापुरी चप्पल नको, चामडं भिजलं की कायमचं वाकडं होतं. पट्ट्याचे फ्लोटर चांगले. मोजे काढून पिशवीत, पँट पोटरीपर्यंत वर दुमडायची, कारण बोटीच्या तळाला आधीच पाणी असतं आणि उतारावर ते सगळं पुढच्यांच्या पायाकडं पळतं.

रेनकोटचं पण तसंच. पार्काच्या दुकानात पातळ प्लास्टिकचे पोंचो मिळतात, ते वरनं येणाऱ्या पाण्याला बरे आहेत. पण पाण्याच्या राईडमध्ये निम्मं भिजणं खालनं होतं. सीट फायबरची, आधीच्या माणसाचं पाणी खोलग्यात साठलेलं, तुम्ही बसला की झालं. पोंचो वर फुगलेला आणि बूड डबक्यात. आणि दुकानातल्या शिवलेल्या रेनकोटला खांद्यावर शिवण असते. शिवण म्हणजे सुईनं पाडलेल्या भोकांची रांग, वर आतनं टेप लावलेली नसेल तर पहिलं पाणी तिथनंच येतं. महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि आमच्याच जिल्ह्यात दहिवडीकडं ५०० च्या आसपास, तर दहिवडीला चालणारा रेनकोट महाबळेश्वरला चालत नाही, तो खांद्यातनंच गळतो. हे मला आप्पांनी सांगितलं, मला वाटायचं कापडच खराब असतं.

मग मी आप्पांना विचारलं की तुम्ही काय घालायचा मग? आप्पा म्हणले, "ड्युटीवर रेनकोट. पर घरनं स्टँडपातुर घोंगड्याची खोळ."

खोळ ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. घोंगडी मधोमध उभी दुमडायची, वरच्या टोकाला एक कोपरा आत ढकलून टोपरं करायचं आणि ते डोक्यावर घ्यायचं, बाकीची घोंगडी पाठीवरनं खाली पोटरीपर्यंत. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर कुठंही जोड नाही, एकपण टाका नाही. मेंढीच्या लोकरीत मुळातच थोडं मेण असतं, वर विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळं पाणी बराच वेळ वरच्या वरच ओघळतं. जावळी-महाबळेश्वरकडं भात लावताना इरलं घ्यायचे, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, ते पण असंच, डोक्यापासनं कंबरेपर्यंत एकसंध, कारण वाकल्यावर पाठ आभाळाकडं असते. मला त्या रात्री झोपच लागली नाही. २० वर्षं मी कापड कापतेय आणि हे माझ्या घरात खुंटीला लटकत होतं.

घोंगडी घालून काही राईडमध्ये बसता येत नाही, भिजली तर पाच-सहा किलो होईल. म्हणून जानेवारीत जायच्या आधीच मी पॅराशूटचं कापड आणलं, आतनं कोटिंग असलेलं, ५८ इंच पन्ह्याचं, अडीच मीटर. खोळीसारखं मधोमध दुमडलं, घडी पाठीवर आली. टोपऱ्याच्या जागी कोपरा कापला नाही, आत दुमडला आणि टाके आतल्या पदरालाच घातले, बाहेरच्या पदराला सुई लागूच दिली नाही. पुढच्या बाजूला गळ्यापासनं गुडघ्यापर्यंत टिच बटणं, नाडी मुद्दाम घातली नाही, लोंबणारं काही नको. मागची बाजू एक वीत लांब ठेवली, म्हणजे बसताना ती बुडाखाली येते आणि सीटच्या पाण्याचा प्रश्न मिटतो. तरी बसायच्या आधी नॅपकिननं सीट पुसायचीच. बाह्या मात्र जोडाव्याच लागल्या, तिथं शिवण आलीच, त्याला आतनं टेप चिकटवला.

एक सांगते, असलं काही घरनं शिवून नेलंत तर राईडवरच्या माणसाला आधी दाखवा आणि विचारा. आम्ही विचारलं, त्यानं ओढून बघितलं, कुठं लोंबत नाही ना, मांडीवरच्या दांड्याच्या खाली नीट दाबलं जातंय ना, मग हो म्हणला. जिथं नको म्हणतात तिथं वाद घालायचा नाही. पाणी चुकवायला उभं राहणं, दांडा ढिला ठेवणं, बाजूला झुकणं, हे तर कधीच नाही. आणि जोरात पळणाऱ्या रोलर कोस्टरवर असलं काही घालून बसायचंच नाही, वाऱ्यानं तोंडावर येतं.

मोबाईलचं थोडक्यात. मोबाईलवर आयपी ६७ लिहिलंय म्हणजे काय, तर १ मीटर खोल साध्या स्थिर पाण्यात ३० मिनिटं तपासलेला. जोरानं आपटणारं पाणी ही वेगळी गोष्ट आहे, त्याची तपासणी या आकड्यात येत नाही. वर पार्काच्या पाण्यात क्लोरीन असतं. शिवाय मोबाईल जुना झाला, एकदा उघडून रिपेअर केलेला असला की त्या आकड्यावर भरवसा ठेवूच नका. लॉकरला पैसे गेले तरी चालतील. गाडीची रिमोटची चावी पण लॉकरमध्येच, ती लोक विसरतात. भिजलाच मोबाईल तर चार्जिंगला लावू नका आणि तांदळात पुरू नका, तांदळाची पावडर उलट चार्जिंगच्या भोकात जाते. पुसा, भोक खाली करून वाऱ्याला ठेवा.

आता कानाचं मशीन, ज्यासाठी हे सगळं. त्याच्या बारक्या बॅटऱ्या असतात त्या झिंक-एअरच्या, त्यांना हवा लागते, म्हणून त्यांना बारीक भोकं असतात, स्टिकर काढला की हवा आत जाते आणि बॅटरी चालू होते. पाणी तिथं बसलं की हवा बंद. भिजलं तर बॅटरी लगेच काढायची, बॅटरीचं दार उघडं ठेवायचं, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत मशीन ठेवायचं, हेअर ड्रायर मारायचा नाही, गरम हवेनं आतलं बिघडतं. पण मुळात राईडच्या आधी काढूनच ठेवायचं. आप्पांची कंडक्टरची सवय कामाला आली, पूर्वी तिकिटाचा ट्रे आणि पैसे पावसात कोरडे ठेवायला ते दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून वापरायचे. तसंच केलं, मशीन त्याच्या डबीत, डबी पिशवीत, पिशवीचं तोंड दोनदा दुमडून रबर, आणि ते सगळं आमच्या ह्यांच्याकडं, ते राईडला येणार नव्हते.

पण मशीन काढलं की आप्पांना काहीच ऐकू येत नाही, राईडवरचा माणूस काय सांगतोय ते नाही, बोट कधी सुटणार ते नाही. नुसतं कोरडं ठेवून काय करायचं, माणूस आत घाबरला तर. म्हणून रांगेत उभं असतानाच आम्ही खुणा ठरवल्या. मी त्यांच्या उजव्या हाताला बसणार. गुडघ्यावर एक थाप म्हणजे बोट सुटली. दोन थापा म्हणजे वर पोचलो, आता खाली. मनगट धरलं की संपलं. सूचना सगळ्या आधीच मशीन कानात असताना ऐकून घेतल्या, मगच मशीन काढलं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी हे नक्की करा, कपड्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला असं मला वाटतं.

सव्वाअकरा वाजता बसलो. तिसरी रांग, मधल्या दोन सीट, त्यासाठी दोन बोटी सोडून दिल्या, मागच्यांना म्हणलं तुम्ही जावा पुढं. बोट अर्धी भरलेली. दुपारच्या आधी बसायचं हे आधीच ठरलं होतं, कारण काही भिजलंच तर जेवणापर्यंत उन्हात वाळतं, हिवाळ्यात चारनंतर ऊन उतरलं की काही वाळत नाही. वर चढताना पट्ट्याचा खडखड आवाज मला ऐकू येत होता, आप्पा निवांत इकडंतिकडं बघत होते, घाटात खिडकीशी बसल्यासारखे. वर पोचल्यावर मी दोन थापा मारल्या. आप्पांनी टोपरं पुढं ओढलं, हनुवटी छातीला लावली, पाठ सीटला टेकून दोन्ही हातांनी दांडा धरला. मी डोळे मिटले, ते मिटले नाहीत म्हणे.

दोन्ही बाजूला पाणी उडालं, पुढच्या रांगेतनं किंकाळ्या, आमच्या टोपऱ्यांवर ताडताड वाजलं आणि संपलं. मी त्यांचं मनगट धरलं. उतरल्यावर टिच बटणं उघडून बघितलं, शर्ट कोरडा, पँट कोरडी, बूड कोरडं. डावी बाही कोपराच्या खाली ओली झाली होती, टेप सुटला होता तिथं. आणि पाय ओले, ते होणारच होते. कान रुमालानं पुसले, दहा मिनिटं तसेच उन्हात बसलो, कानाच्या पाळीमागं ओल राहता कामा नये म्हणून, मग ह्यांच्याकडनं पिशवी घेतली, रबर काढलं, डबी उघडली. दोन्ही मशीन बसवल्यावर आप्पा नातवाला म्हणले, "आता सांग, काय म्हणत हुतास मगाशी." नातू बोटीतनं उतरल्यापासनं त्यांच्याशी बोलतच होता, त्याच्या लक्षातच नव्हतं. त्यानं सगळं पहिल्यापासनं परत सांगितलं.

संध्याकाळी सुरूर फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा नणंद आणि दाजी ओल्या जीन्समध्ये गाडीतनं उतरायलाच तयार नव्हते. आप्पा उतरले, दोन चहा प्यायले, आणि मला म्हणले, "त्यो गोल तराफा ऱ्हायला की गं."

तराफ्याचं अवघड आहे, तिथं पाणी चारी बाजूनं आणि पायाखालनं येतं, खोळ पुरणार नाही, खाली विजारीसारखं काहीतरी लागणार, मांडीच्या आतल्या बाजूला शिवण न येता. तीन वेळा कागदावर कापून बघितलं, जमत नव्हतं, चौथ्या वेळेला शिवण बाहेरच्या बाजूला घेतली तर जमेल असं वाटतंय. कापड आणून ठेवलंय. कंबरेला पातळ इलॅस्टिक घालायचं की दोन टिच बटणं, यावर आप्पांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.